एका ओळीतली आत्या

‘कॅन्सरवरच काम करते मॅडम, आणि घरात कॅन्सर झाला तेव्हा मला काहीच करता आलं नाही.’ समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या भेटीत खुर्चीत टेकता टेकताच ती हे बोलली. हेच वाक्य मी नर्सकडून ऐकलंय, मेडिकल स्टोअर चालवणाऱ्यांकडून ऐकलंय, एका पॅथॉलॉजिस्टकडूनही. आपल्या माणसाच्या वेळी आपलं शिक्षण कामी आलं नाही, ही टोचणी फार जणांना असते. म्हणून तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहितेय.

ती बायोइन्फर्मॅटिशियन, वय ३१. कॅन्सरच्या जनुकांवर संशोधन करणाऱ्या एका गटात कामाला. हे काम नेमकं काय असतं, ते तिनंच मला समजावलं. रुग्णाच्या गाठीचा तुकडा आणि त्याचंच रक्त, दोन्हींतला डीएनए यंत्रावर वाचतात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं. गाठीत आहे आणि रक्तात नाही, असा बदल त्यातून हुडकायचा. फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या रसायनात ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत ‘सी’ या अक्षराच्या जागी उगाचच ‘टी’ दिसतो, तो आजाराचा बदल नसतो, तो गाळायचा. नोंद बाईची आणि वाचनात पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र आलं, तर कुठेतरी नमुने अदलाबदल झालेत हे ओळखायचं. एवढं सांगताना तिचा चेहरा खुलला होता. कामावरची माया आटलेली नाही, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

तिची आत्या कराडजवळच्या खेड्यात राहायची. गालाच्या आत बरा न होणारा व्रण. बायॉप्सीच्या रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि त्याखाली वडिलांचा मेसेज: ‘बाळा, तुझ्याच विषयातलं आहे. सांग काय करायचं.’ ती रात्र रात्र शोधनिबंध चाळत बसली. गाल-हिरडीच्या कॅन्सरमधल्या जनुकबदलांवर भारतीय संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तिला जवळपास पाठ होता. या आजारात टीपी५३ हे जनुक वारंवार बिघडलेलं सापडतं, हेही ठाऊक होतं. पण त्याचा आत्याला उपयोग काय? आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, हे डॉक्टरांनी ठरवलेलंच होतं. शेवटी तिनं लिहिलं, ‘डॉक्टर सांगतील तसं करा.’ आठ महिन्यांत आत्या गेली.

सुरुवातीला माझं चुकलं. दोन भेटी मी तिला पटवत राहिले, की तुझ्या कामाचा उपयोग पुढच्या रुग्णांना होईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच उदाहरण दिलं: फुप्फुसाच्या कॅन्सरमधले ईजीएफआर जनुकाचे बदल २००४ साली कळले आणि आता ते बदल बघून गोळी ठरवतात. ‘मॅडम, हे मी प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर लिहिते.’ तिला पटवायची गरजच नव्हती. दुखत होतं ते दुसरीकडेच.

तिसऱ्या भेटीला ती लॅपटॉप घेऊन आली. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलास या संशोधन प्रकल्पाचा, कुणालाही बघता येणारा तक्ता तिनं उघडला. ३३ प्रकारचे कॅन्सर, ११ हजारांहून जास्त रुग्ण. नावं नाहीत, नुसते सांकेतिक क्रमांक. एका ओळीत एक माणूस: वय, स्त्री की पुरुष, हयात की मृत, निदानापासून मृत्यूपर्यंत किती दिवस. तिचं बोट त्या शेवटच्या रकान्यावर थांबलं.

‘आत्या गेल्याचा फोन आला ना, तेव्हा माझ्या डोक्यात तिची ओळ तयार झाली. स्त्री, ५८, तंबाखू होय, मृत, दिवस २४३. मग रडू आलं. आधी ओळ आली. मी माणूस उरलेय का?’

मी म्हटलं, घाव बसला की मन हाताला येईल ते भांडं घेतं आणि दुःख त्यात ओततं. तुझ्या हाताशी तक्ता होता. आता या ओळीत काय नाही, ते मला सांग.

ती बोलू लागली. आत्या उसाच्या फडावरून आली की आधी हिच्या डोक्यावरून हात फिरवायची. दुपारी चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, खकाण्यानं ही खोकायची, मग ती मिशरी पत्र्याच्या डबीत भरायची. इथं ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही.

‘डबी मीच आणून द्यायचे. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, आत्या, अजून मिशरी? आणि हसले. तीही हसली. तंबाखूनं काय होतं ते मी रोज बघते मॅडम. तिला नाही सांगितलं.’

गाठ इथं होती. ‘माझं ज्ञान निरुपयोगी’ हे वरचं दुखणं होतं. साधी, घरातल्या कुणालाही सांगता आली असती अशी गोष्ट राहून गेली, हे खरं. अशा वेळी ‘यात तुझा काही दोष नाही’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मला तसं करणं पटत नाही. खोट्या दिलाशावर माणूस फार दिवस काढू शकत नाही. मी म्हटलं, हो, सांगायला हवं होतंस. आणि सांगितल्यावरही चाळीस वर्षांची मिशरी सुटली असती की नाही, ते तुला-मला कधीच कळणार नाही. मिशरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ते व्यसन एका भाचीच्या एका वाक्यापेक्षा मोठं असतं. त्या दिवशी ती पोटभर रडली.

पुढे मी तिला वडिलांशी बोलायला सांगितलं. ‘बाबा, मी डॉक्टर नाही हो,’ ती फोनवर म्हणाली. ते म्हणाले, ‘ते ठाऊक होतं गं. माझी बहीण होती. घाबरलो होतो, दुसऱ्या कुणाला विचारणार?’ वर्षभर जो मेसेज ती परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाचत होती, तो एका भावानं घाबरून लिहिला होता.

वर्षश्राद्धाला ती गावी गेली. आतेभावाच्या बायकोच्या फडताळात तशीच डबी. या वेळी ती हसली नाही. मागच्या पडवीत वहिनीला बसवून मोबाइलच्या बॅटरीत तोंड पाहिलं: हिरडीला लागून पांढरा चट्टा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दाखवायचंच, हे तिनं वहिनीला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कराडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबरही लावून दिला.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. चट्ट्याचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही, तीन महिन्यांनी परत दाखवायचंय. खाली आणखी एक ओळ: ‘वहिनींची सकाळची मिशरी अजून सुटली नाही. रविवारी परत फोन करते.’