रिमोल्ड टायर: हिशेब केसिंगचा करा

आयात केलेला नवा ट्रक टायर स्वस्तात मिळत असताना जुना रिमोल्ड करण्यात काय फायदा? (एक ट्रकमालक, सांगली)

रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर रस्त्याला टेकणारा नक्षीचा नवा पट्टा चढवणे; त्याखालचा टायरचा सांगाडा म्हणजे केसिंग. किंमत टायरची नाही, किलोमीटरची मोजा. चांगले रेडियल केसिंग दोनदा, कधी तीनदा रिमोल्ड होते. स्वस्त टायर बहुधा एकदाच वापरून टाकावा लागतो. युरोपात चीनमधून आलेल्या नव्या टायरची किंमत रिमोल्डच्या जवळ पोहोचली आणि रिमोल्डचे कारखाने अडचणीत आले. 2018 मध्ये तिथे चिनी टायरांवर अँटी-डम्पिंग शुल्क (फार स्वस्तात येणाऱ्या आयात मालावरचा जादा कर) लागले ते नव्या आणि रिमोल्ड, दोन्ही टायरांवर. कारण दोघे एकाच गिऱ्हाइकासाठी भांडतात.

रिमोल्डने पर्यावरणाचा फायदा नक्की होतो का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

होतो, पण रबर चांगले असेल तरच. नव्या ट्रक टायरला साधारण 80 लिटर तेल लागते असे मानतात, रिमोल्डला 25 ते 30. म्हणजे टायरमागे सुमारे 50 लिटरची बचत. आता दहा टायरांचा ट्रक 80,000 किमी चालला आणि लिटरला 4 किमी दिले, तर डिझेल लागते 20,000 लिटर. हलक्या प्रतीच्या रबरामुळे चाक जड फिरून डिझेल 1 टक्का वाढले तर टायरमागे 20 लिटर जातात, तरीही बचत उरते. तेच 3 टक्के वाढले तर 60 लिटर जातात आणि सगळी बचत धुऊन निघते. म्हणून फक्त भावावर चाललेली रिमोल्डची स्पर्धा मला घातक वाटते.

नक्षीचा पट्टा सुटतो, तो का? (एक चालक, कोल्हापूर)

बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. हवा कमी असली की केसिंग तापते आणि थर सुटतात. नवा टायरही असाच फुटतो. खिळ्याचे भोक उघडे राहिले तर आत पाणी शिरून केसिंगमधल्या पोलादी तारा गंजतात, आणि गंजलेल्या तारेला रबर धरत नाही. कारखान्यातली चूक म्हणजे बफिंगनंतर (जुनी नक्षी घासून काढल्यावर) धूळ किंवा ओल राहणे. थंड पद्धतीत, म्हणजे तयार नक्षीचा पट्टा केसिंगवर चिकटवून पक्का करताना, चेंबरचे (बंद भट्टीचे) तापमान सुमारे 100 ते 115 अंश असते. घाईने वेळ कापली की कुशन गम (पट्टा आणि केसिंग जोडणारा रबराचा थर) कच्चा राहतो.

नक्षी 3-4 मिमी उरली की टायर काढा. तारा दिसू लागल्या तर केसिंग गेले. रिमोल्ड मागच्या चाकांनाच लावा. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांवर त्याला बंदी आहे. टायर देताना केसिंगचा नंबर पावतीवर लिहून घ्या, म्हणजे आपलेच केसिंग परत येईल.