वाचकांचे प्रश्न : केबलच्या शेवटच्या टोकाची वाडी आणि समितीतील जागा

प्रश्न : आमचे गाव दापोली तालुक्यात खाडीच्या मुखाशी असून गावात नऊ वाड्या आहेत. सार्वजनिक ब्रॉडबँड सेवेबाबत पंचायतीला सल्ला देण्यासाठी गेल्या ग्रामसभेत अकरा जणांची समिती नेमण्यात आली. तीत सरपंच, उपसरपंच, पंचायतीचे आणखी दोन सदस्य, शाळेचे मुख्याध्यापक, निवास-न्याहारी चालवणारे दोन गृहस्थ, गावातील केबलचालक आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचे तीन पदाधिकारी आहेत. संपूर्ण समितीत स्त्री एकच आहे. कोळीवाडा, बौद्धवाडी, आदिवासीवाडी आणि सड्यावरची, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरची, धनगरवाडी येथील कोणीही नाही. मी हरकत घेतली तेव्हा, “इंटरनेट सर्वांनाच मिळणार आहे, यात वाडीचा प्रश्न येतोच कुठे? विषय समजणारी माणसे घेतली आहेत,” असे उत्तर मिळाले. अशा समितीत कोण असावे, याचे काही माप आहे काय?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : वाडीचा प्रश्न येतो, आणि याच कामात तो सर्वांत आधी येतो. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी केंद्राची योजना मुळात आखली गेली ती फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी. देशावरच्या एकगठ्ठा वस्तीच्या गावात पंचायतीचे कार्यालय आणि शेवटचे घर यांत हाकेचे अंतर असू शकते. आपल्याकडे मात्र मध्ये एखादा वहाळ, एखादी घाटी आणि बरेचदा दोन-तीन किलोमीटरचा सडा असतो. पंचायतीच्या दारापासून पुढे केबल विजेच्या खांबांवरून न्यायची की जांभा फोडून गाडायची, पहिले सार्वजनिक वायफाय केंद्र बाजारपेठेत बसवायचे की वरच्या वाडीतील शाळेत, पावसाळ्यात तार तुटली तर आधी कोणती बाजू जोडायची, या गोष्टींवरच आपल्या समितीला सल्ला द्यायचा आहे. म्हणजे तिचे खरे काम वाड्यांचा क्रम ठरवणे हे आहे. ज्या चार वाड्यांची नावे आपण लिहिली आहेत, त्या या क्रमात शेवटी जाण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे, आणि नेमक्या त्याच समितीबाहेर आहेत.

मापाविषयी म्हणाल तर ते गावाच्या दप्तरातच सापडेल. जलजीवन मिशनच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार गावची पाणी समिती दहा ते पंधरा जणांची असते. तीत पंचायतीचे निवडून आलेले सदस्य २५ टक्क्यांपर्यंत, स्त्रिया ५० टक्के आणि उरलेल्या २५ टक्क्यांत दुर्बल घटकांचे प्रतिनिधी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात घ्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. ही सूचना ब्रॉडबँडला आपोआप लागू होत नाही. पण नळाच्या बाबतीत जे माप गावाने मान्य केले, ते तारेच्या बाबतीत का नको, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे. त्या मापाने पाहिल्यास आपल्या समितीत लोकनियुक्त सदस्य अकरांत चार, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक आहेत, आणि स्त्री एक आहे.

माझ्या मते आपल्या गावासाठी पंधरा जणांची समिती योग्य होईल. तीत नऊ वाड्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी आणि पंचायतीचे तीन सदस्य असावेत. उरलेल्या तीन जागा, ज्यांचे रोजचे काम नेटवर्कवाचून अडते, त्यांच्यासाठी राखाव्यात. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर नोंदी भरणारी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि ज्याच्या ई-पॉस यंत्राला रेंज नसली की गिऱ्हाइकाला धान्याविना परतावे लागते तो रास्त भाव दुकानदार, ही नावे मला प्रथम सुचतात. पंधरांत किमान आठ स्त्रिया असाव्यात.

बाजारपेठेत दीडशे घरे आणि धनगरवाडीत वीस, मग दोघांना एकेकच जागा कशी, अशी हरकत निश्चित येईल. ती गैर नाही, पण तिचे उत्तर देता येते. लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधित्व पंचायतीत प्रभागांच्या द्वारे आधीच मिळालेले आहे आणि अंतिम निर्णयही पंचायतच घेणार आहे. प्रभागात मोठ्या वाडीला जोडल्यामुळे लहान वाडीचे मत जिथे बुडते, तिथे ते निदान ऐकू यावे म्हणून सल्लागार समिती असते. तीही डोकी मोजूनच बसवायची असेल तर वेगळी समिती नेमण्याचे कारणच उरत नाही.

वाडीचा प्रतिनिधी कोणी सुचवायचा, याला मी जागांच्या संख्येइतकेच महत्त्व देतो. सरपंचांनी निवडलेला कोळीवाड्याचा माणूस आणि कोळीवाड्याने बैठकीत ठरवलेला माणूस यांत फार अंतर असते. नावे वाडीकडूनच यावीत. मात्र गावकीच्या बैठकीत पुरुषच बोलतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव लक्षात घेऊन स्त्रियांची नावे ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत ठरवणे बरे.

केबलचालकाचे ज्ञान समितीला हवेच आहे. कोणता खांब कुजला आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. परंतु ज्या सेवेवर सल्ला द्यायचा तिच्याशी त्याचा धंदा जोडलेला आहे. पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध असणारी व्यक्ती पंचायत सदस्य राहण्यास अपात्र ठरते, हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधील तत्त्व आहे. ते कलम येथे अक्षरशः लागू नसले तरी केबलचालकाला मताधिकार नसलेला निमंत्रित म्हणून बोलवावे आणि दर किंवा कंत्राट चर्चेला आले की त्याने बाहेर बसावे. मुंबईकर मंडळींच्या बाबतीत थोडे हळुवारपणे लिहितो, कारण गावातील किती मंदिरे आणि शाळागृहे त्यांच्या वर्गणीतून उभी राहिली हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि ग्रामसभेचे सदस्यत्व गावच्या मतदार यादीवर ठरते. ज्यांचे नाव मुंबईच्या यादीत आहे त्यांनाही निमंत्रित म्हणून एक जागा पुरे. गणपतीत आणि शिमग्याला लॅपटॉप उघडण्यापुरती गरज आणि बारा महिन्यांची गरज यांचे वजन सारखे धरता येत नाही.

राहिला “समजणाऱ्या माणसांचा” मुद्दा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेल्यावर दापोली-मंडणगडमधील अनेक गावे कित्येक दिवस वीज आणि फोनविना होती. त्या काळात कोणत्या टेकाडावर उभे राहिल्यावर रेंज मिळाली, कोणाचा फोन सर्वांत शेवटी सुरू झाला, होड्या शाकारलेल्या लोकांना इशारे कसे पोहोचले, ही माहिती त्या त्या वाडीतच आहे. समितीला तीही समज लागते.

पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर समितीच्या पुनर्रचनेचा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज द्यावा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते, त्यामुळे चार वाड्यांतील मंडळी ठरवून आली तर त्यांची उपस्थिती निर्णायक ठरू शकते. ठरावात एक वाक्य आवर्जून घालून घ्यावे : समितीचा सल्ला पंचायतीने नाकारल्यास त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवावीत.

प्रश्न : आमच्या समितीत कोळीवाड्यातर्फे मी आहे. बैठका सकाळी अकराला पंचायत कार्यालयात होतात. त्या वेळी मी मासळी घेऊन बाजारात असते. नाव आहे, पण मी एकदाही गेलेली नाही. राजीनामा द्यावा का?
— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : राजीनामा देऊ नये. बैठकीची वेळ बदलून मागावी. डोलीच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या जाळ्याच्या, मासेमारीवरील घरे भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या, दिवसांत बहुधा किनाऱ्यावर असतात आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्याही वर असतात, तेव्हा महत्त्वाच्या बैठका त्या दिवसांत, संध्याकाळी ठेवता येतील. दर तिसरी बैठक कोळीवाड्याच्या समाजमंदिरात घ्यावी, असेही सुचवा. तोवर आपले म्हणणे कोणाकडून तरी लिहून घेऊन बैठकीपूर्वी सचिवांकडे द्या आणि प्रतीवर पोच घ्या.