सांत्वनाचं कार्ड: घडी फाटते, शब्द अडतात

प्रश्न: मैत्रिणीचा नवरा जाऊन महिना झाला. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. ती मात्र देव मानत नाही. तिच्यासाठी हाताने कार्ड करायला घेतलं, तर घडीवर कागद फाटतो, शाई पसरते आणि काय लिहावं तेही सुचत नाही. आता उशीर झाला का?

उत्तर: ताई, उशीर वगैरे काही नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली की घर खरं रिकामं वाटू लागतं. कार्ड तेव्हाच पोहोचू दे.

कागदाचं आधी सांगते, ते सोपं आहे. कागदातल्या तंतूंना आडवी घडी पडली की जाड कागद भेगाळतो. कागद आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकेल तिकडे घडी. 250 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा, जाड) कागद थेट मोडू नका. पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबायची, मग मोडायचा. ए-5 कागद मधोमध दुमडला की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड होतं, ते सी-6 पाकिटात बसतं.

शाई पसरते ती बहुधा ओलसर रंगावर. मजकूर रंगवलेल्या कागदावर नकोच. 100 जीएसएमचा पांढरा कागद उघड्या कार्डापेक्षा चारही बाजूंनी 3 मिलिमीटर लहान कापा, दुमडा, त्यावर लिहा आणि मनासारखं उतरल्यावरच घडीलगत ग्लूस्टिकची बारीक रेघ देऊन आत चिकटवा. चुकलं तर तेवढाच कागद बदलायचा. पातळ गोंदाने कागदाला लाटा येतात. आणि चमकी अजिबात नको, दुःखाच्या घरात ती बोटांना चिकटत फिरते!

प्रार्थना कार्डावर उतरवू नका; मैत्रिणीला ती तुमची श्रद्धा लादल्यासारखी वाटेल. रंग वाळेपर्यंत हात मोकळेच असतात, तेव्हा तिचं नाव घेऊन जप करा किंवा नुसत्या बसा. तेवढी प्रार्थना पुरते.

मजकूर चार ओळींचा. पहिल्या ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव हवंच, कारण लोक तेच घ्यायला बिचकतात. मग त्याची एखादी खरी, बारीकशी आठवण: तो कसा हसायचा, कशावरून वाद घालायचा. ‘देवाची इच्छा’, ‘निदान फार हाल झाले नाहीत’, ‘आता सावर’ ही वाक्यं गाळा. ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की मागायचं ओझं तिच्यावरच पडतं. त्यापेक्षा ‘मंगळवारी संध्याकाळी येते, बँकेचे कागद मिळून बघू, नको असेल तर तसं कळव’ असं लिहा. फक्त कार्ड त्या मंगळवारच्या आधी तिच्या हातात पडेल एवढं बघा.