दारूला परवाना, मग ड्रग्जना बंदी का?

प्रश्न : दारू ड्रग्जहून घातक असूनही राजरोस विकली जाते. मग ड्रग्जही कायदेशीर का करू नयेत?

उत्तर : ब्रिटनमध्ये औषधशास्त्रज्ञ डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २० पदार्थांना घातकतेचे १०० पैकी गुण दिले. दारूला ७२, हेरॉइनला ५५, गांजाला २०. वादात हेच आकडे पुढे केले जातात. पण त्यांत इतरांना होणारी हानीही धरली आहे. फक्त घेणाऱ्याची हानी पाहिली, तर हेरॉइन, क्रॅक कोकेन (ओढायचं कोकेन) आणि मेथ (मेथॲम्फेटामाइन) दारूच्या वर जातात. दारूचा एकूण आकडा फुगतो, कारण ती सर्रास मिळते आणि पिणारे अफाट आहेत. म्हणजे हा दाखला खुल्या विक्रीच्या बाजूने कमी आणि विरोधातच जास्त जातो!

बंदीचे दुष्परिणामही तितकेच खरे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. बिअरची पिंपं लपवणं अवघड, म्हणून चोरट्या धंद्यात कडक दारूला भाव आला. विषारी मिथेनॉल मिसळलेल्या औद्योगिक अल्कोहोलने माणसं आंधळी झाली, मेली. आज फेंटानिल या प्रयोगशाळेत बनणाऱ्या, हेरॉइनहून कितीतरी कडक ड्रगचं तेच आहे. जागा कमी, नशा प्रचंड. सुमारे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात. चोरून केलेल्या मिश्रणात ते सारखं पसरत नाही, त्यामुळे एका गोळीत नाममात्र, तर दुसरीत प्राणघातक मात्रा येते.

शिवाय ‘कायदेशीर’ म्हणजे नेमकं काय? पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःसाठी दहा दिवसांपुरता ड्रग्जचा साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून वगळलं; विक्री गुन्हाच राहिली. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने गांजाची विक्री नियंत्रणाखाली आणली : नोंदणी केलेल्या प्रौढाला महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत, जाहिरातीला बंदी. आमचं मत स्पष्ट आहे : व्यसनी माणसाला तुरुंगात टाकू नये, पण कोणतीही नशा जाहिरातदारांच्या हाती देऊ नये. गांजा आणि फेंटानिलला एकच नियम लावणं तर चुकीचंच.

प्रश्न : घरातल्या माणसाची रोजची दारू एकदम बंद करावी का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. भरपूर पिणाऱ्याला ६ ते २४ तासांत थरथर, घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास, ताप दिसला तर तो जिवावरचा प्रसंग आहे, ताबडतोब रुग्णालय गाठा. हेरॉइनची ‘टर्की’ (ते सोडल्यावर होणारा त्रास) असह्य असते, पण स्वतःहून क्वचितच जीव घेते. तिथे धोका नंतर येतो : काही दिवस सोडल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि माणूस जुनीच मात्रा घेतो.