कोकणातील वाड्यावस्त्यांवर फिरते मातीकाम-शिक्षण कसे चालवावे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील दूरच्या वाड्यांवर मुलांना मातीकाम शिकवणारी गाडी कशी चालवावी, असे आपण विचारले आहे. कच्ची भांडी शहरातील भट्टीवर नेण्याचा बेत आधी सोडावा. घाटरस्त्याच्या हादऱ्यांनी ती वाटेतच तडकतात, म्हणून भाजणी त्याच वाडीत गोवऱ्या, पेंढा आणि भाताचे तूस रचून केलेल्या आव्यात, म्हणजे उघड्या भट्टीत, करावी. भांडे पुरते वाळले का, हे मुलांना गालाला लावून पाहू द्यावे: गार लागले तर आत ओल आहे, आणि १०० अंशांपुढे तिची वाफ होऊन भांडे फुटते. पावसाळ्यात भाजणी टाळून जवळच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे गणेशमूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, शाडूकाम शिकवावे. शिक्षक म्हणून मानधनावर गावचा कुंभारच नेमावा, कारण कोणत्या मळ्यातील माती चांगली, हे त्यालाच ठाऊक असते.