बाहुलीचं घर दुपारी मांडायचं असतं

लाडक्या ओवी,

शाळेबरोबर संग्रहालयात जाऊन आल्यापासून तू एकच प्रश्न धरून बसली आहेस. "बाबा, मराठी बाहुल्यांना घर का नसतं?" इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या गेर्मानिशेस नात्सिओनालम्युझेउममध्ये तू श्ट्रोमर घराण्याच्या नावानं ओळखलं जाणारं १६३९ सालचं बाहुलीघर पाहिलंस. आत स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, खाली घोड्यांचा तबेलासुद्धा. त्यापुढे माझं जेवणाच्या टेबलावरचं दोन वाक्यांचं उत्तर तुला कसं पुरणार? आता तुला देवनागरी वाचता येतं, म्हणून सगळं लिहूनच देतो. कुठे अडलं तर आईला विचार.

मराठी बाहुल्यांना घर असतं, राणी. फक्त ते कायमचं उभं नसतं. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात ते दुपारची जेवणं उरकली की मांडायचं आणि दिवेलागणीच्या आधी आवरून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचं. उद्या पुन्हा नवं मांडायचं, आणि कालच्यासारखंच मांडलं पाहिजे असं अजिबात नाही. काल चूल खांबाशी होती, आज जिन्याखाली. काल बाहुलीकडे पाहुणे आले होते, आज तिच्याकडे वाळवणं घालायची आहेत.

हे असं का, ते पणजीच्या घरावरून कळेल. तिच्या सोप्यात खुर्च्या नव्हत्या, पलंग नव्हते. सकाळी आलेल्या माणसासाठी सतरंजी अंथरायची, दुपारी तिथेच पाट मांडून पंगत बसायची, रात्री तिथेच अंथरुणं पडायची आणि सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात रचल्या जायच्या. एकच जागा दिवसभरात तीन कामं करायची. मुलं जे घर बघतात तेच लहान करून खेळतात. न्युर्नबर्गच्या श्रीमंत घरांत पलंग होते, कपाटं होती, म्हणून ती त्या बाहुलीघरात उतरली. आमच्या घरात पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा, जातं, उखळ-मुसळ आणि पाटा-वरवंटा होता, म्हणून आमच्या भातुकलीतही तेच.

त्यात आमचा उन्हाळा. महाराष्ट्रात शाळांना मोठी सुटी मे महिन्यात. तेव्हा सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. बारा ते पाच बाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी घरोघर ताकीद. इथे बायर्नमध्ये, आपल्या या जर्मन राज्यात, ऑगस्टची सुटी तुला तळ्यावर आणि बागेत ओढून नेते, तिथली सुटी मुलांना घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात आणून बसवते. सख्खी-चुलत-आते-मामे अशी सगळी भावंडं एका सोप्यात, मोठी माणसं झोपलेली, आवाज करायचा नाही. अशा वेळी भातुकली निघाली नाही तरच नवल.

आमची भातुकली पितळेची होती. पंढरपूरच्या चैत्री यात्रेहून पणजीनं आणलेली. पुण्यात राहणारी माणसं ती तुळशीबागेतून घेतात. हंडा, कळशी, तांब्या, परात, पोळपाट-लाटणं, झारा, सांडशी, फुंकणी, शेवेचा सोऱ्या, पाणी तापवायचा बंब, त्याच्याजवळ ठेवायचं घंगाळ. सगळं तुझ्या तळहातावर मावेल एवढं, आणि यातली प्रत्येक वस्तू काम करायची. जात्याचा खुंटा धरून फिरवलं की पाळीतून खरोखर पीठ पडायचं. सोऱ्यातून शेव पडायची.

म्हणूनच गावात कल्हईवाला आला की मोठ्या पातेल्यांबरोबर आमची भांडीही त्याच्यापुढे ठेवली जायची. तो भट्टीवर भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसला की आतली बाजू चांदीसारखी व्हायची. पितळेत चिंच, ताक असं काही आंबट ठेवलं तर ते कळकतं, खाण्यासारखं राहत नाही. खेळातल्या भांड्यांना कल्हई लागायची, कारण त्यांतलं आम्ही खरंच खायचो. चुरमुरे, डाळं, गूळ, शेंगदाणे, किसलेली कैरी. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजला की त्यातला वाटीभर आमच्या पातेल्यात यायचाच. खाऊ वाटताना बाहुलीचं ताट आधी वाढायचं, तिचं झालं असं म्हणायचं आणि मग तेही आपणच संपवायचं.

तुमच्या न्युर्नबर्गच्या खेळण्यांतही स्वयंपाकघराला मोठा मान आहे बरं का. इथे पूर्वी बनणारी एका खोलीची खेळण्यातली स्वयंपाकघरं 'न्युर्नबर्गर क्युखं' या नावानं ओळखली जातात. भिंतीवर ओळीनं लटकवलेली तांब्याची, कथलाची भांडी असतात. पुढच्या वेळी गेलीस की ती नीट बघ आणि त्यातलं काय काय पणजीच्या डब्यात होतं ते मला सांग.

आता सामानसुमान. हा माझा प्रांत, कारण घरातल्या मुलांकडे सुतारकाम असायचं आणि लाकूड एकच, ज्वारीचं ताट, म्हणजे तिचा वाळलेला धांडा. आमच्याकडे रब्बीची ज्वारी, तिला शाळू म्हणतात. मंगळवेढ्याची ज्वारी तर सगळीकडे प्रसिद्ध. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती काढली की कडब्याच्या गंजी रचल्या जातात, आणि सुटी लागेपर्यंत ताटं खडखडीत वाळलेली असतात. ताटाच्या दोन पेरांमधला तुकडा घ्यायचा. वरची पिवळी चकचकीत साल लांब पट्ट्यांत सोलून काढायची. आत मऊ, पांढरं, हलकं भेंड राहतं. भेंडाचे तुकडे म्हणजे पाय, फळ्या आणि चाकांचे तुंबे. सालीच्या काड्या म्हणजे खिळे. काडी भेंडात खुपसली की घट्ट बसते. गोंद नको, हातोडी नको. निसर्गानं एकाच ताटात लाकूडही दिलं आणि खिळेही दिले, याचं मला आजही कौतुक वाटतं.

यातून बाज व्हायची. चार भेंडाचे पाय, चार काड्यांची चौकट आणि मध्ये पातळ साली एकाआड एक विणायच्या. साल थोडा वेळ पाण्यात भिजवली की न मोडता वाकते, म्हणून बैलगाडीच्या चाकाची धाव भिजवलेल्या सालीची करायची. खुर्ची, दिवाण, झोपाळा, सगळं होतं. फक्त सालीच्या कडेला धार असते, बोट चिरतं, तेव्हा सोलायचं काम तू एकटीनं करायचं नाहीस. हे सामान पावसाळ्यात सादळतं, त्याला किडे लागतात, आणि ते गेलं म्हणून कोणी रडत नाही. पुढच्या सुगीला नवं लाकूड येतंच. कपाट हवं असेल तर रिकाम्या काड्यापेट्या एकावर एक चिकटवायच्या, खणांना मण्यांच्या मुठी लावायच्या. त्यात बाहुलीचे कपडे.

आणि कपडे म्हटलं की मला तुझी आजी दिसते. दुपारी पाठ टेकण्याआधी तासभर ती वाकळ शिवायची. तिच्या मांडीशी बसून आम्ही बाहुलीची वाकळ शिवायचो, मी आणि तुझी आत्या दोघंही. धावदोरा आम्ही तिथेच शिकलो. चिंध्या आणायच्या त्या शिंप्याच्या दुकानातून. लगीनसराईत त्याच्या मशीनखाली खणाचे, रेशमाचे, जरीच्या काठांचे तुकडे पडलेले असायचे आणि मुलांनी ते वेचले तर तो काही म्हणायचा नाही. खण येतो गुळेदगुड्डहून, इरकल लुगडी इळकलहून. दोन्ही गावं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, आमच्यापासून फार लांब नाहीत. म्हणून आमच्या बाहुल्या इरकल नेसायच्या.

बाहुली घरीच करायची. धुऊन मऊ झालेल्या धोतराचं कापड, आत चिंध्या, मानेशी दोरा आवळून डोकं, काळ्या दोऱ्याचे डोळे, लाल दोऱ्याची जिवणी, केसांना काळी लोकर. शेवटी कपाळावर खरं कुंकू. तिला नऊवारी नेसवायची तर दोन पाय वेगळे हवेत, नाहीतर कासोटा घालणार कुठून? हे आधी ध्यानात ठेव.

नऊवारीचं माप तू गणितानं काढू शकतेस. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. नेसणारी बाई १६० सेंटिमीटर उंच धरली आणि तुझी बाहुली २० सेंटिमीटर, तर बाहुली आठपट लहान. म्हणजे तिला एक मीटरच्या थोडं वर लांबी हवी आणि पंधरा सेंटिमीटर रुंदी. चिंध्यांच्या बाहुलीची कंबर जाड असते, म्हणून वीतभर जास्तच घे. कापड जुनं, मऊ पाहिजे, कोरं कापड फुगून राहतं. कमरेभोवती एक वेढा घेऊन पुढे गाठ मार, समोर निऱ्या कर, निऱ्यांची खालची कड पायांमधून मागे नेऊन खोच. उरलेलं खांद्यावर पदर. पहिल्यांदा हे अवघड जाईल, म्हणून सुरुवात परकरापासून कर. कमरेच्या अडीचपट लांबीची पट्टी, वर नेफा, त्यात नाडी. झालं. वर खणाचं पोलकं.

नव्या कपड्यांना मुहूर्तही असायचा. चैत्रात गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. हळदीकुंकवाला बायका येतात, आंब्याची डाळ आणि पन्हं असतं आणि गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास करतात. त्या आराशीत आमच्या बाहुल्या, भातुकली, माझी ज्वारीची बैलगाडी असं सगळं ठेवलं जायचं. आलेली प्रत्येक बाई वाकून बघायची. मुलांच्या हातचं काम देवीपुढे मांडलं जातं, ही आपल्याकडची रीत मला फार मोलाची वाटते.

तू दुसरंही विचारलं होतंस. "तुम्ही बाहुल्यांची लग्नं का लावायचात?" मे महिन्यात रोज गल्लीत एक खरी वरात निघायची, मुलं तेच खेळायची. एका घरची बाहुली, दुसऱ्या घरचा बाहुला, मण्यांच्या मुंडावळ्या, रुमालाचा आंतरपाट, कुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता, काड्यापेटीतलं रुखवत. छत्तीसगडात तर अक्षय्य तृतीयेला पुतरा-पुतरीचं लग्न लावायची मोठी प्रथा आहे.

पण या खेळामागचं एक खरं तुला सांगितलंच पाहिजे. पूर्वी ज्या वयात मुली बाहुल्यांची लग्नं लावायच्या, त्याच वयात त्यांची स्वतःची लग्नं व्हायची. आनंदीबाई जोशींचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे आज तू आहेस तेवढ्या. पुढे १८८३ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पण किती मुलींना तशी वाट सापडली? मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ असावं असा कायदा १९२९ मध्ये झाला, आज ते १८ आहे. म्हणून मला वाटतं, आपण लग्नाआधी दुसरे सोहळे खेळू. बाहुलीचं बारसं करू. कुंची, झबलं, टोपडं तू शीव, पाळणा मी करतो, घुगऱ्या आई करेल. तुझ्या मैत्रिणींना बोलाव, पाळण्यात नाव कोण सांगणार ते तुम्ही ठरवा.

यंदा आपण ऑगस्टमध्ये सुरुवात करू. ज्वारी इथे मिळणार नाही, पण मक्याच्या ताटातही तसंच भेंड असतं. ऑक्टोबरमध्ये मक्याची कापणी झाली की शेतकऱ्याला विचारून आपण चार ताटं आणू आणि वाळवू. तोवर काड्यापेट्या जमव. पुढच्या वर्षी मेमध्ये तुमच्या पिंग्स्टनच्या, त्या ख्रिस्ती सणाच्या, सुटीला जोडून सोलापूरला जायचं जमतंय का ते मी बघतो आहे. जमलं तर वाटेत पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय बघू. तिथे दिवे, अडकित्ते, अशा घरातल्याच वस्तू मांडलेल्या आहेत, तुला आवडतील.

रविवारी आजीशी बोलशील तेव्हा दोन गोष्टी विचार. पितळेचा डबा कुठल्या कपाटात आहे, आणि पणजीच्या इरकलीचा एखादा मऊ तुकडा शिल्लक आहे का. मापं तिला नीट सांग, एक मीटर पंचवीस आणि पंधरा सेंटिमीटर, काठासकट.

तुझा,
बाबा