एकत्र बसायच्या आधी

गंगापुरी, वाई

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून होतो. तुमच्या 2014 च्या दहावीच्या बॅचमधला पहिला गेलेला तो. अठ्ठाविशी हे काय जायचं वय आहे? त्याच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आठवणींची छोटी पुस्तिका काढताय, ती मी तपासून द्यावी म्हणालीस. देईन, आनंदाने देईन. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "काका, शनिवारी सगळे गणपती घाटावर जमतोय. गप्पा निघतील तशा तिथंच लिहून काढू." तेवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. एकत्र बसायच्या आधी प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घे. शनिवारच्या आधी घे.

असं का म्हणतो ते सांगतो. मी कॉलेजात असताना आमच्या वर्गातला एक जण गेला. शाळेच्या वार्षिकासाठी त्याच्यावर चार शब्द लिहायचं काम आम्हा चौघांकडे आलं. आम्ही एका संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. आमच्यातल्या एकाचा आवाज मोठा आणि सांगायची हातोटीही चांगली. गेलेल्या मित्राने पुराच्या पाण्यात उडी मारून वाहतं वासरू काढल्याची गोष्ट त्याने सांगितली. आम्ही माना डोलावल्या, दुसऱ्याने त्यात भर घातली, आणि तीच छापून आली. पुढे वीसेक वर्षांनी त्याची बहीण एका लग्नात भेटली. शांतपणे म्हणाली, "दादाला पोहता येत नव्हतं." गोष्ट दुसऱ्याच कुणाची होती. चूक झाली याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त खुपतं ते वेगळं. त्या संध्याकाळच्या आधी त्याच्याबद्दल माझं स्वतःचं असं काहीतरी मला आठवत होतं, आणि ते आता आठवत नाही. वासरानं ते पुसून टाकलं.

तुम्हा मुलांकडे तो अजून सव्वीस जणांच्या डोक्यात सव्वीस प्रकारे आहे. एकदा गप्पांत सगळं मिसळलं की एकच उरेल.

म्हणून प्रत्येकाला फोन कर आणि "तो कसा होता?" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर "हसतमुख, मदतीला धावणारा" हेच येणार. मी विश्वकोशाच्या कामात आयुष्य काढलं. 1976 साली पहिला खंड आला, त्यानंतर काही वर्षांनी मी मुद्रितशोधनाला लागलो. चरित्रनोंदीत नावापुढे कंस असतो, कंसात दोन तारखा आणि मध्ये एक आडवी रेघ. हजारो तारखा मी तपासल्या, पण हात थबकायचा तो त्या रेघेवर. विशेषणं कुणालाही लावता येतात, रेघेतलं मात्र ज्याचं त्याचंच असतं. तेव्हा विचार, तो कुठल्या बाकावर बसायचा, डब्यात काय आणायचा, तुझ्याकडून काय उसनं नेलं आणि परत केलं का, शेवटचं भांडण कशावरून झालं. भांडणं गाळू नका. ज्याच्याशी कुणी भांडलंच नाही तो तुमचा मित्र नव्हता, फोटो होता.

तू सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर नेहमी पिवळट असायची. वडील हळदीच्या वखारीत हमाली करायचे, शाळा सुटली की हा त्यांच्याजवळ पोत्यांवर बसून गृहपाठ करायचा. तुम्ही त्याला "हळद्या" म्हणायला लागलात. आता त्याच्या आईच्या बाजूने बघ. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग पिवळा राहत नाही, लालभडक होतो. साबणातल्या क्षाराने होतं ते. दर धुण्याला त्या माऊलीच्या हातात रक्त लागल्यासारखा शर्ट येत असणार. हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणून तिला तो वळचणीला न टाकता कडक उन्हातच वाळवायला लागत असणार, आणि पावसाळ्यात ऊन कुठलं? जून-जुलैत त्याची कॉलर जास्त पिवळी दिसायची का, हे कुणाला आठवतं ते विचार. आईलाही विचार. माझा हा निव्वळ अंदाज आहे, तो छापू नकोस. ती सांगेल ते छाप.

टोपणनावाचं तू विचारलंस. पुढे वडापची जीप घेतल्यावर त्याने मागच्या काचेवर तेच नाव रंगवून घेतलं, म्हणजे त्याला ते आवडत असणार, असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. असेलही. पण सातवीत असतानाही आवडत होतं का? ज्याने ते नाव पहिल्यांदा ठेवलं तो आज तुमच्या ग्रुपवर आहे, असं तू हळूच म्हणालीस. त्याच्याशी तू एकटी बोल. त्याला लिहावंसं वाटलं तर त्याचं पान पहिलं घे. नाही वाटलं तर आग्रह करू नकोस.

जुलै 2021 चंही नीट तपासा. कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तो जीपमधून धान्याची पोती घेऊन गेला असं दोघं सांगतात. एक म्हणतो त्याच रात्री, दुसरा म्हणतो रस्ता मोकळा झाल्यावर. घाटावर बसलात तर रात्रच जिंकेल, कारण ती ऐकायला बरी वाटते. त्याच्याबरोबर गाडीत कोण होतं ते शोधून काढा. दोन दिवसांनी गेला असेल तर दोन दिवसांनी असंच लिहा. पोती त्यानेच खांद्यावरून उतरवली, तेवढं पुरेसं मोठं आहे.

आईकडे जाताना घोळका करून जाऊ नका. दोघी-तिघी जा, दुपारची वेळ टाळा, आणि वही लगेच बाहेर काढू नका. तिने चहा टाकला तर नको म्हणू नका. आधी तुम्ही तिला सांगा. शाळेतला तो तिने पाहिलेलाच नाही. बाकावर ताल धरणारा, मधल्या सुट्टीत रामडोहाकडे पळणारा, तिमाहीला गणितात नापास झाल्यावर प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करणारा. ती सही तिला ठाऊक नसेल तर सांगा. रागावेल, मग हसेल, मग कदाचित रडेल. तेव्हा उठून जाऊ नका.

शनिवारी घाटावर जरूर जमा. आधी कागद गोळा झालेले असले की मग खुशाल गप्पा मारा. अंधार पडेपर्यंत बसा, माझी हरकत कशाला असेल?

रविवारी सकाळी सगळी पानं घेऊन माझ्याकडे ये. दुरुस्त करून, नीट टाइप करून आणू नकोस. ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली तशीच हवीत. पुण्याहून येणाऱ्या कुणाची पानं राहिली असतील तर त्याला सुरूर फाट्यावर उतरल्यावर मला फोन करायला सांग, मी स्कूटर घेऊन न्यायला येईन. आणि त्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेऊ नकोस. आपल्याकडे ती बऱ्याचदा प्रवेशासाठी पुढेमागे केलेली असते. आईला तिथी विचार, पंचांगातून तारीख मी काढून ठेवतो.

तुझा,
काका